अर्ध्या जात्याला शेंदूर

माफी मी तेव्हा मागितली नाही. पुढे भोरला परत आल्यावर नातेवाइकांनी, ओळखीच्यांनी विचारलं, दोन शब्द बोलून टाकले असते तर काय बिघडलं असतं? त्यांनाही मी सांगितलं की बिघडलं असतं. सहावीच्या वर्गानं डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी खोटी ठरवली असती, आणि एका बाईला गावाबाहेर घालवणं बरोबर होतं असं कबूल केलं असतं.

मी भोरच्या एका कारकुनाची मुलगी. लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्यानं मला माहेरी आणून सोडलं, कारण त्याला दुसरी करायची होती. वडिलांनी काही दिवस वाट पाहिली आणि मग पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवलं. आई रडली, पण ट्रंक तिनंच भरली. ट्रेनिंग संपल्यावर भोरच्या मुलींच्या शाळेत दोन वर्षं काढली, आणि मग मला मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका गावात पाठवण्यात आलं. महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही वर्षं. शाळा सातवीपर्यंत होती आणि एका जुन्या धान्याच्या कोठारात भरायची. जाड दगडी भिंती, पुढे पडवी, आणि मागे बिनखिडकीची एक अंधारी कोठी. त्या कोठीत आधीच्या मालकाचं एक भलंमोठं जातं तसंच पडलेलं होतं. हलवायचं कोण म्हणून कुणी हलवलं नव्हतं.

शास्त्र शिकवणारे मास्तर हिवतापानं हैराण होऊन निघून गेले होते. हेडमास्तर वयस्क, सज्जन, कुणाशी भांडण नको असलेले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कविता आणि शिवण घ्या. शास्त्राचा तास मी उरकून टाकीन."

मी म्हटलं, "उरकायचाच असेल तर मलाच द्या."

त्यांनी दिला.

सहावीची मुलं पुस्तक पाढ्यांसारखं म्हणायची. पदार्थाच्या अवस्था तीन, घन, द्रव आणि वायू. सर्व पदार्थ परमाणूंचे बनलेले असतात. एका सुरात, डोलत डोलत. मी एकाला विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, पुस्तकानं. पुस्तकाला कुणी सांगितलं? त्यानं पुस्तक उलटून मागचं पान पाहिलं. तेव्हा मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "कशावरून?" आणि सांगितलं की वर्षभर हा शब्द पुसायचा नाही. मी काही सांगितलं तरी मला हे विचारायचं.

पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात त्या जांभळ्या पुडीची एक बाटली शाळेत होती. तिचा एक कण मी पाण्यानं भरलेल्या घागरीत टाकला. घागर गुलाबी झाली. त्यातलं तांब्याभर पाणी दुसऱ्या घागरीत ओतलं, तीही फिकट गुलाबी झाली. मी विचारलं, मोहरीपेक्षा लहान कण, आणि दोन्ही घागरींतल्या थेंबाथेंबात तो आहे, मग त्याचे तुकडे केवढे झाले असतील? मुलं बोटांच्या चिमटीनं दाखवायला लागली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चिमटीत दाखवता येत नाही. त्या दिवशी परमाणू हा शब्द कुणी सुरात म्हटला नाही.

वर्गात एकच मुलगी होती. शाळेचा रांजण भरणाऱ्या बाईची ती लेक. ही बाई शेतकऱ्याची विधवा, स्वतःचं एक खाचर भाताचं, बाकी दुसऱ्याच्या शेतात जायची, आणि सकाळी शाळेचं पाणी भरायची. मुलं तिला मावशी म्हणायची. वयानं ती माझ्याएवढीच होती, पण मीही मावशीच म्हणायला लागले. ती कमी बोलायची. लेकीला मात्र एक दिवस घरी ठेवत नसे.

माघाच्या सुरुवातीला ती गोष्ट घडली. पंधरवडाभर कडाक्याची थंडी पडली होती आणि एका दिवसात वारं फिरलं. आभाळ भरून आलं, हवा कोंदट झाली. हरभरा काढायला आलेला, आंब्याला मोहोर, त्यामुळे जो तो आभाळाकडे बघून चिंतेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवानं गाभारा उघडला तर देवाच्या अंगावरून लाल पाणी ओघळत होतं. गावदेव म्हणजे शेंदूर फासलेली उभी शिळा. गुरवाच्या हाताला लाल थेंब लागले आणि तो ओरडत बाहेर आला. देवाला रक्ताचा घाम आला म्हणून तासाभरात सगळं गाव देवळापुढे जमलं.

देवाला घाम का आला, तर कुणीतरी विटाळ केला. कुणी केला ते ठरवायला कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतात, एकेकाचं नाव घेतात आणि कोणती पाकळी पडते ते बघतात. मावशी आदल्या आठवड्यात देवळाचं अंगण झाडायला गेली होती. तिचं नाव घेतलं आणि पाकळी पडली. ती बाजूला बसायच्या दिवसांत उंबरा ओलांडून गेली असणार, असं गुरवानं सांगितलं. ती म्हणाली, म्या गेले न्हाई. ते कुणी ऐकलं नाही. तिनं विहिरीवर यायचं नाही, शाळेचं पाणी भरायचं नाही, असं ठरलं.

हे मला सकाळी वर्गातच कळलं. रांजण रिकामा होता आणि मुलं कुजबुजत होती. मावशीची लेक आपल्या जागेवर ताठ बसली होती. तिच्या शेजारचे दोघं मुलगे सरकून लांब बसले होते. मी त्या दोघांना परत जागेवर बसवलं. मग एका मुलाला कोठीतल्या हंड्यातून तांब्याभर पाणी आणायला पाठवलं. तो तांब्या घेऊन आला आणि दारातच थांबून म्हणाला, "बाई, आतल्या जात्याला बी घाम आलाय."

मी वर्ग उठवला आणि सगळ्यांना कोठीत नेलं. दिवा धरला. जात्याच्या पाळीवर थेंब साठले होते आणि खाली ओघळ आले होते. परत येऊन बघतो तर टेबलावरचा पितळी तांब्याही बाहेरून ओला. कोठीतलं पाणी थंडीच्या दिवसांत बर्फासारखं गार व्हायचं.

मी फळ्यावरच्या शब्दाकडे बोट केलं.

पहिला मुलगा म्हणाला, तांब्या झिरपतो. पाणी आतून बाहेर येतं. मी विचारलं, कशावरून? तेव्हा मावशीची लेक त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. आत जांभळी पूड टाका, ती म्हणाली, आतलं पाणी बाहेर येत असेल तर जांभळं येईल. आम्ही तांब्या कोरडा पुसला, पूड टाकली, आणि सगळे भोवती बसून राहिलो. थेंब आले ते स्वच्छ, बिनरंगाचे. मग दुसऱ्या तांब्यात कोमट पाणी घेतलं, त्याला घाम आला नाही. पाणी आतून येत नाही, गार वस्तूलाच येतं, म्हणजे बाहेरून येतं. बाहेर तर नुसती हवा आहे. म्हणजे पाणी हवेत आहे, पण त्याचे तुकडे इतके बारीक की दिसत नाहीत, आणि गार दगडाला लागले की एकत्र होऊन थेंब होतात. हे वाक्य माझं नाही. ते तिघाचौघांनी मिळून, एकमेकांचे शब्द खोडत, तयार केलं. मी फक्त फळ्यावर लिहिलं.

मग ज्याची सगळ्यांना भीती वाटत होती तो प्रश्न आला. एका मुलानं हळूच विचारलं, "पण देवाचं पाणी लाल का?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा कसं बघायचं."

दुसऱ्या दिवशी मावशीच्या लेकीनं घरून तेलात कालवलेला शेंदूर आणला. जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, पुसून कोरडी केली आणि अर्ध्या तळीला तिनं शेंदूर लावला, अर्धी तशीच ठेवली. आभाळ अजून होतंच. थोड्या वेळानं जाऊन बघितलं तर एका बाजूला स्वच्छ थेंब आणि दुसऱ्या बाजूला लाल ओघळ. मुलं ओरडली नाहीत. एकानं बोट लावून लाल थेंब पाहिला आणि आपल्या सदऱ्याला पुसला. तो डाग घरी गेला आणि गावाला सगळं कळलं.

संध्याकाळी मला चावडीवर बोलावणं आलं. हेडमास्तर माझ्या खोलीपर्यंत आले आणि वाटेत समजावत राहिले. नारळ ठेवा, पोरांचा खेळ होता म्हणा, संपेल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना मुली होत्या, नोकरी होती. मी ऐकून घेतलं.

चावडीवर पाटील, गुरव आणि गावातले कर्ते बसले होते. मला घोंगडी दिली, पण मी उभीच राहिले. पाटील मोठा आवाज करणारे नव्हते. ते म्हणाले, जात्याला शेंदूर लावून तुमी देवाची थट्टा केली. नारळ ठेवून माफी मागा, जातं नदीत सोडा, आणि त्या बाईला पुन्हा शाळेत घेऊ नका.

मी म्हटलं की जातं सोडायचं तर सोडा, पण आधी येऊन बघा.

"आमी तुमच्या जात्यात देव बघाया यायचं व्हय?" गुरव म्हणाला.

"देव बघायला नका येऊ. घाम बघायला या."

कुणीतरी मागं हसलं आणि लगेच गप्प झालं. पाटलांनी पुन्हा विचारलं, माफी मागताय की न्हाई? मी म्हटलं, "मी देवाबद्दल एक शब्द बोललेली नाही. मी पाण्याबद्दल शिकवलं. त्यात काय चुकलं ते दाखवा, मग मागते. आणि तुम्ही एका बाईचं पाणी तोडलंय. त्याची माफी कोण मागणार?"

एवढं बोलून मी निघून आले.

त्या रात्री जातं गेलं. कुणी नेलं ते कळलं नाही, पण सकाळी नदीच्या डोहाकडे ओढत नेल्याच्या खुणा होत्या. अर्धा वर्ग रिकामा झाला. गावानं बकरं दिलं, आणि दोन दिवसांनी आभाळ जाऊन कोरडी थंडी परतली तसा देवही कोरडा झाला. बकरं पावलं, असं सगळे म्हणाले. मी मावशीबरोबर नदीवरून पाणी आणायला लागले. कळशी कमरेवर घेऊन चढण चढायची सवय नव्हती, अर्धं पाणी अंगावर सांडायचं. वाटेवरचे लोक तोंड फिरवायचे. मावशीच एक दिवस म्हणाली, "बाई, तुमी कशापायी मरताय? मी जाते भावाकडं आंबवड्याला. पोरगी तेवढी ठेवून घ्या, तिची शाळा बुडाया नको."

ती गेली. लेक माझ्या खोलीत राहायला आली. रात्री ती रडायची नाही, पण झोपायचीही नाही.

जातं गेलं तरी वर्ग होता. जी मुलं यायची त्यांना मी विचारलं, आपलं म्हणणं खरं असेल तर पुढं काय व्हायला पाहिजे? खूप बोलून झाल्यावर ठरलं की पुन्हा आभाळ आलं की देवाला पुन्हा घाम यायला पाहिजे, गावात कुणी काहीही करो. मी गेरू कालवला आणि शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर, रस्त्यावरून दिसेल असं, ते वाक्य लिहिलं. हेडमास्तरांनी पुसून टाकायला सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही पुसा. त्यांनी बादली आणली, थोडा वेळ उभे राहिले आणि बादली परत घेऊन गेले.

काही दिवसांनी खरंच आभाळ आलं. मी पहाटे उठून देवळापुढे उभी राहिले. गुरवानं दार उघडलं, आत पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसला. देव ठणठणीत कोरडा होता. दुपारपर्यंत पोरंसोरंही भिंतीकडे बोट दाखवून हसत होती. मी वर्गात गेले. एकदा वाटलं, जाऊन भिंत पुसावी. पण मुलांपुढे ते करणं शक्य नव्हतं, म्हणून मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, आपण काय विसरलो?

मग मावशीची लेक म्हणाली, "दगड गार कुठं हाय? थंडी तर कवाच सरली."

बरोबर होतं. आधीच्या वेळी पंधरवडाभर गारठा होता. या वेळी दगड हवेइतकाच उबदार होता. मी पुन्हा गेरू कालवला आणि भिंतीवर आधीच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली की आधी कडक थंडी पडली पाहिजे. गावात नवा विनोद झाला. बाईचं भाकीत चुकलं, आता बाई भिंतभर लिहिणार.

शिवरात्रीला थंडी उलटून परत आली. जाता जाता जोर करते तशी, रात्री भिंती गार पडल्या. आणि मग एका संध्याकाळी दक्षिणेचं ओलं वारं सुटलं. सकाळी मी देवळाकडे गेले नाही. शाळेतच थांबले. गुरवाची आरोळी या वेळी ऐकू आली नाही. थोड्या वेळानं पाटील एकटेच देवळाकडून शाळेसमोर आले, त्यांच्या बोटांना लाल पाणी लागलं होतं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पडवीतल्या एका मुलाला भिंतीवरचं मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं दोन्ही ओळी वाचल्या. पाटलांनी त्या पुन्हा वाचायला लावल्या.

मग ते मला म्हणाले, "ती बाई कुठाय?"

"आंबवड्याला. महिना होत आला."

"मग तिनं न्हाई केलं."

"नाही."

ते म्हणाले की तिला निरोप द्या, शाळेचं पाणी भराया ये म्हणावं. त्यांना वाटलं मी आभार मानीन. मी म्हटलं, निरोप देते, पण ती काय म्हणेल ते मला माहीत नाही.

शिमग्याला भोरला जाताना मी वाट वाकडी करून आंबवड्याला उतरले. मावशी भावाच्या खळ्यावर होती. मी सगळं सांगितलं. भिंतीचं, थंडीचं, लेकीच्या बोलण्याचं. लेकीचं ऐकताना तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. निरोप ऐकून मात्र ती म्हणाली, "चावडीवर घालवलं, आन बोलवायचं मागल्या दारानं? म्या न्हाई यायची. ज्यानं चावडीवर सांगितलं त्यानं चावडीवर सांगावं."

मला जे बोलायला सुचलं नव्हतं ते ती सहज बोलली. मी तिचे शब्द जसेच्या तसे पाटलांना सांगितले. ते चिडले. आठ-दहा दिवस काही झालं नाही. पण शाळेचं पाणी भरायला दुसरं कुणी तयार होईना, रांजण रिकामा होता, आणि घरोघरची मुलं नदीवरून आणलेलं गढूळ पाणी पिऊन घरी तक्रार करत होती. शेवटी पाटलांनी चावडीवर माणसं बोलावली आणि सांगितलं की त्या बाईकडून काही झालेलं नव्हतं, कौल चुकला.

"कौल चुकत न्हाई," गुरव म्हणाला. "ऐकणारा चुकतो."

"मग ऐकणारा चुकला," पाटील म्हणाले. "पण ती न्हाई."

मावशी आली ती भर दुपारी. सगळ्यांना दिसेल अशा वेळी, वाटेवरून मान वर करून. घरी न जाता आधी विहिरीवर गेली, कळशी भरली, आणि तिथंच उभी राहून पोटभर पाणी प्यायली. मी शाळेच्या पडवीतून बघत होते. कुणी तिला अडवलं नाही. कुणी बोललंही नाही.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही. गुरव माझ्याशी पुढं कधीच बोलला नाही. पुढच्या थंडीत देवाला घाम आला तेव्हा गुरवानं तो कुणी येण्याआधी फडक्यानं पुसून घेतला, असं मुलांनी सांगितलं. काही घरांनी मुलं परत पाठवलीच नाहीत. त्या मुलांचं शिक्षण तिथंच संपलं आणि ते मला अजून लागतं. पण त्यासाठी मी खोटं बोलायला हवं होतं असं मला कधी वाटलं नाही.

सातवीच्या परीक्षेनंतर माझी पुन्हा भोरला बदली झाली. कारण मी विचारलं नाही. मावशीनं लेकीला माझ्याबरोबर पाठवलं, पुढं शिकायला. निघायच्या आधी शेवटचा तास घेतला तेव्हा तिनं उभं राहून विचारलं, "बाई, परमाणू तुमी पाहिलाय का?"

मी म्हटलं, नाही, तो कुणाला असा डोळ्यांनी दिसत नाही. आणि तिला घागरीतल्या जांभळ्या कणाची आठवण दिली.

ती म्हणाली, "त्यावरून पूड बारीक बारीक होत जाते एवढं कळतं. पण ते कुठंतरी थांबतं, शेवटचा तुकडा असतो, हे कशावरून?"

ट्रेनिंगमध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी स्वतःही कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मला माहीत नाही. भोरच्या हायस्कुलात विचार.

तिनं विचारलं. पहिल्याच महिन्यात, शास्त्राच्या तासाला. तिथल्या मास्तरांनी तिला उद्धट म्हणून बाकावर उभं केलं. संध्याकाळी घरी येऊन तिनं हे मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी विचारलं, मग तू काय केलंस?

"उभी राहिले," ती म्हणाली. "तास संपस्तोवर. मग खाली उतरून पुन्हा विचारलं."